हलकी चासी हवी? धातूच्या आधी पाईपचा व्यास बघा

रेसिंगची छोटी गाडी बांधायला घेतली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे पाईप घातले तर चासी एक तृतीयांश वजनात बसेल ना?" हिशोब बरोबर वाटतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५. पण त्याच मापाचे पाईप घालून चासी बांधली तर गाडी वळणावर दोरीच्या बाजेसारखी पिळते. असं का होतं, हे एकदा नीट समजलं की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या साध्या वर्कशॉपमध्येही वजन चांगलं उतरवता येतं.

दोन शब्द आधी वेगळे करू. ताकद म्हणजे कायमचं वाकेपर्यंत किंवा तुटेपर्यंत वस्तू किती भार सोसते. ताठपणा म्हणजे भार आला तर ती किती कमी लवते, आणि भार काढल्यावर ती पुन्हा सरळ होते. चासीचं बरंचसं काम ताठपणाचं आहे. चासी लवली की सस्पेन्शनचं सगळं सेटिंग वाया जातं, कारण स्प्रिंगच्या आधी सांगाडाच दबतो.

आता एक साधा प्रयोग. २५.४ मि.मी. (एक इंच) बाहेरचा व्यास आणि १.६ मि.मी. जाडीचा पोलादी पाईप घ्या. एक मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर तो ठेवा आणि मधोमध ५० किलोचं सिमेंटचं पोतं टांगा. पाईप मध्यभागी सुमारे ५.९ मि.मी. लवेल. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप १७ मि.मी. लवेल, म्हणजे जवळजवळ तिप्पट. बरं, मग पाईपऐवजी एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा भरीव गज घेतला तर? तोही ७ मि.मी.च्या वर लवतो आणि मीटरला १.३७ किलो भरतो, पोलादी पाईप मात्र ९३९ ग्रॅमचा. म्हणजे तेवढ्याच व्यासात अ‍ॅल्युमिनियम कितीही भरलं तरी पोलादी पाईपची बरोबरी होत नाही, वर वजनही जास्त.

याचं कारण ताठपणाच्या आकड्यात आहे. हा आकडा गिगापास्कलमध्ये मोजतात. पोलाद २०५, टायटॅनियम ११४, अ‍ॅल्युमिनियम ६९, मॅग्नेशियम ४५. प्रत्येकाला आपापल्या घनतेने, म्हणजे ७.८५, ४.४३, २.७ आणि १.७४ ने भागा. चारही उत्तरं २६ च्या आसपासच येतात. निसर्गाने या चारही धातूंना वजनाच्या प्रमाणात जवळजवळ सारखाच ताठपणा दिला आहे. धातू जितका हलका तितकाच तो लवचीक. त्यामुळे नुसता धातू बदलून ताठपणा फुकटात मिळत नाही.

मिळतो तो आकारातून. पाईपचा व्यास वाढवून जाडी कमी केली की तेच मटेरियल मध्यरेषेपासून लांब जातं, आणि लांबचं मटेरियल लवण्याला कितीतरी जास्त विरोध करतं. तेच पोतं ३८.१ मि.मी. (दीड इंच) व्यासाच्या, १.२ मि.मी. जाडीच्या पोलादी पाईपला टांगा. तो फक्त २.१ मि.मी. लवतो, आणि त्याचं वजन मीटरला १.०९ किलो. एक इंचीच, पण २.५ मि.मी. जाडीचा पाईप मीटरला १.४१ किलो भरतो आणि सव्वाचार मि.मी. लवतो. मजबुतीसाठी जाड पाईप घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. बहुतेक ठिकाणी तीच वजन वाढवते.

मीटरचं वजन काढायचं सूत्र पाठ करून ठेवा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीने गुणा आणि शेवटी ०.०२४६६ ने गुणा. उत्तर किलोमध्ये येतं. हे पोलादासाठी. माल घेतानाही ते उपयोगी पडतं. १.६ मि.मी. म्हणून दिलेल्या एक इंची पाईपचा बरोबर एक मीटर तुकडा कापा आणि वाण्याच्या डिजिटल काट्यावर ठेवा. ९३९ ग्रॅमच्या जवळ असेल तर माल बरोबर. ८३० भरला तर तो १.४ मि.मी.चा आहे, स्पर्धेच्या तपासणीत अडकेल. कॅलिपर फक्त टोकाला लागतो, आणि तिथे कापताना आलेली कोर चुकीचं माप दाखवते. काटा अख्ख्या मीटरची सरासरी सांगतो.

सांगाडा म्हणजे त्रिकोण

चार काठ्यांची चौकट कोपऱ्यात कितीही घट्ट बांधली तरी ढकलली की तिचा पतंग होतो. मांडव घालणारा म्हणूनच एक बांबू तिरका बांधतो, आणि छपराखाली कैची घालतात तीही याचसाठी. ट्यूब चासीचा, म्हणजे स्पेसफ्रेमचा, सगळा जीव या तिरक्या पाईपमध्ये असतो. त्रिकोण झाला की पाईपला फक्त ओढ किंवा दाब सोसावा लागतो, वाकणं जवळजवळ राहतच नाही. वाकण्यापेक्षा ओढ-दाबाला पाईप कित्येक पटींनी ताठ असतो.

१९५२ सालच्या मर्सिडीज ३०० एसएल रेसिंग गाडीची ट्यूब फ्रेम सुमारे ५० किलोची होती. तिच्यात त्रिकोण पूर्ण करायचे म्हणून दोन्ही बाजूंचे पाईप उंच घ्यावे लागले, नेहमीच्या दारांना जागाच उरली नाही, आणि दारं वरच्या बाजूला उघडणारी केली गेली. ती पंखांसारखी दारं लोकांना शोभेची वाटतात. प्रत्यक्षात ती सांगाड्याची गरज होती.

यावरून एक नियम निघतो. सस्पेन्शनचा प्रत्येक बिंदू सांध्यावर पडला पाहिजे, पाईपच्या मध्यावर नव्हे. सांध्यापासून ८०–१०० मि.मी. बाजूला ब्रॅकेट मारलं की तो पाईप पुन्हा वाकायला लागतो, आणि मग जाडी वाढवून ती चूक झाकावी लागते. डिझाइनमध्ये सस्पेन्शनचे बिंदू आधी नक्की करा आणि पाईप त्यांच्याकडे न्या. उलट क्रमाने केलेल्या चासीत चार-पाच किलो निव्वळ दुरुस्तीचे असतात.

कोणतं पोलाद

फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांमध्ये पाईपची किमान मापं ठरलेली असतात. ड्रायव्हरच्या मागची आणि पुढची कमान, म्हणजे मेन हूप आणि फ्रंट हूप, यांना २५.४ × २.४ किंवा २५ × २.५ मि.मी. (बाहेरचा व्यास × जाडी) या वर्गाचा पाईप लागतो. बाजूच्या धडकेसाठीच्या पाईपना २५.४ × १.६ चालतो. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. या नियमांत सगळ्या पोलादांचा ताठपणा एकच धरतात, आणि ते बरोबरही आहे.

क्रोमोलीचा, म्हणजे ४१३० ग्रेडचा, गैरसमज इथेच होतो. साध्या १०१८ ग्रेडपेक्षा क्रोमोली ताकदीला नक्कीच सरस आहे, पण ताठपणा दोघांचा सारखाच, २०५. पाईपची मापं तीच ठेवून क्रोमोली घातलं तर चासी एक ग्रॅमही हलकी होत नाही आणि तसूभरही ताठ होत नाही. जिथे नियम जाडी कमी करू देतात आणि भार ताकदीचा आहे, म्हणजे सस्पेन्शनचे आर्म, पेडल बॉक्स, इंजिनच्या मागचे नियमाबाहेरचे पाईप, तिथे क्रोमोलीचे पैसे वसूल होतात. पहिली गाडी बांधणाऱ्यांनी हूपसह सगळा सांगाडा १०१८ च्या सीमलेस, म्हणजे बिनशिवणीच्या, पाईपमध्ये करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ईआरडब्ल्यू पाईप, म्हणजे पट्टी वळवून शिवण मारलेला, स्वस्त असतो आणि बहुतेक सरळ तुकड्यांना चालतो. तो वाकवायचा असेल तर शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. बाहेर आली तर ताणाने उसवते. बाकाची त्रिज्या पाईपच्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे एक इंची पाईपला ७६ मि.मी. त्याहून घट्ट वाकवला की आतल्या बाजूला चुण्या पडतात, आणि चुणी पडलेला पाईप तिथूनच मोडतो.

वेल्डिंगची खरी कसोटी तोंड कापण्यात आहे. एक पाईप दुसऱ्यावर बसवताना त्याचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. फट अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त राहिली की वेल्डर ती फिलरने भरतो. तिथे उष्णता जास्त जाते, पाईप ओढला जातो आणि चासी वाकडी होते. १.६ मि.मी. जाडीला टिगवर, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगवर, साधारण ६५ अँपिअरपासून सुरुवात करा. सगळे सांधे आधी जिगवर, म्हणजे पाईप जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, टाचून घ्या. नंतर मधल्या सांध्यांपासून बाहेर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, असं पूर्ण वेल्ड करत जा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून सरळ शेवटपर्यंत गेलात तर जिगवरून काढल्यावर चासीचा एक पाय वर राहतो. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या पाईपला २–३ मि.मी.चं भोक आधीच पाडून ठेवा. नाहीतर शेवटचा टाका मारताना आतली गरम हवा वितळलेला धातू बाहेर फेकते आणि तिथे पिनहोल राहतं. रंगाआधी ही भोकं बुजवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आत गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही आणि पाईप आतून खातं. क्रोमोली वेल्ड केल्यावर त्यावर पाणी किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तसंच गार होऊ द्या. झटकन थंड केलं की वेल्डच्या कडेचा पट्टा ठिसूळ होतो.

मग अ‍ॅल्युमिनियम कधी

अ‍ॅल्युमिनियमची गंमत जाड व्यासात आहे. ३८.१ × १.२ चा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप आपल्या पोत्याखाली ६.२ मि.मी. लवतो, म्हणजे एक इंची पोलादी पाईपइतकाच, आणि मीटरला फक्त ३७६ ग्रॅम भरतो. पोलादाचंही असंच जाड व्यासाचं, पातळ भिंतीचं करता येईल की, असं वाटेल. कागदावर येतं. पण तेवढ्या वजनात भिंत अर्ध्या मि.मी.च्याही खाली जाते. ती वेल्ड करणं फार अवघड जातं आणि पाना हातातून पडला तरी तिला पोचा येतो. हलक्या धातूचा खरा फायदा हा की तेवढ्याच वजनात हाताळता येईल इतकी जाडी शिल्लक राहते.

अडचण सांध्यावर येते. ६०६१-टी६ हा चांगला अ‍ॅल्युमिनियम २७६ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो. वेल्डच्या शेजारी हा आकडा ११५ च्या आसपास उतरतो, कारण उष्णतेने टी६ चं टेम्परिंग, म्हणजे भट्टीत तापवून आणलेली ताकद, निघून जातं. आपल्या पोत्याच्या पाईपमध्ये मधोमध सुमारे ९८ मेगापास्कलचा ताण असतो. तिथेच वेल्ड असेल तर हाताशी जवळजवळ काहीच उरत नाही. टेम्परिंग परत आणायचं तर अख्खी चासी ५३० अंशांवर तापवून पाण्यात बुडवायची आणि मग १७५ अंशांवर आठ तास ठेवायची. एवढी मोठी भट्टी मिळाली तरी पाण्यात जाताना चासी वेडीवाकडी होते. ७०७५ ग्रेड तर टिगने जोडूच नका, वेल्ड गार होतानाच तडकतो.

दुसरी गोष्ट थकव्याची. पोलादाला एका मर्यादेखालचे झटके कितीही वेळा बसले तरी ते टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटे झटकेही साठत जातात आणि कधीतरी तडा जातो. पोर्शे ९१७ ची अ‍ॅल्युमिनियम ट्यूबची फ्रेम ४२ किलोची होती. तिच्या पाईपमध्ये दाबाखाली वायू भरून ठेवत. दाब उतरला की कुठेतरी तडा गेला, हे कळायचं.

लोटसने १९९६ च्या एलिझमध्ये वेगळी वाट काढली: वेल्डच नको. अ‍ॅल्युमिनियमचे रुंद पोकळ एक्स्ट्रुजन, म्हणजे साच्यातून दाबून काढलेले लांब तुकडे, इपॉक्सी गोंदाने चिकटवले, आणि चासी ६८ किलोत बसली. चिकटवल्याने टेम्परिंग जात नाही आणि भार एका टाक्याऐवजी पूर्ण पृष्ठभागावर पसरतो. पण गोंदाचा स्वभाव ओळखावा लागतो. दुकानाच्या काचेवरचा स्टिकर सरळ बाजूला ओढून निघत नाही, कोपरा उचलला की सोलून येतो. इपॉक्सीचं तसंच आहे. म्हणून अशा सांध्यांच्या टोकाला सोलणं सुरू होऊ नये यासाठी रिव्हेट किंवा स्क्रूही मारतात. आपल्याकडे हे करायचं तर पृष्ठभाग घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, लगेच त्याच तासात चिकटवा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की वर ऑक्साइडचा थर बसतो, आणि सांधा बाहेरून चांगला दिसत असला तरी त्यावर विसंबू नका.

पत्र्याच्या बाबतीत मात्र विचार करायची गरजच नाही, अ‍ॅल्युमिनियमच घ्या. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. फरशीसाठी १ मि.मी. पोलादी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो, १.५ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमचा ४.०५ किलो, आणि तो वर सुमारे १४ टक्के जास्त ताठ. फरशी, बाजूची पॅनेल, फायरवॉल (ड्रायव्हर आणि इंजिन यांच्या मधला पडदा), सगळी यात बसतात. पोलादी पाईपवर थेट मारू नका. मधे प्रायमर किंवा पातळ टेप घाला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात रिव्हेटभोवती पांढरी पावडर दिसू लागते.

टायटॅनियम आणि मॅग्नेशियमवर आमच्या मते वेळ घालवू नये. टायटॅनियमला वेल्डच्या मागूनही आर्गॉन लागतो, टाका चंदेरी किंवा फिकट सोनेरी आला तर ठीक, निळा-राखाडी आला तर तो ठिसूळ आहे. मॅग्नेशियमचा चुरा पेट घेतो आणि ओल त्याला लवकर खाते.

कार्बन: दिशा चुकली की पैसे गेले

१९८१ च्या मॅक्लारेन एमपी४/१ पासून फॉर्म्युला वनच्या चासी कार्बनच्या झाल्या. कार्बनचे तंतू एकाच दिशेने ठेवून केलेली पट्टी त्या दिशेने सुमारे १३५ गिगापास्कल ताठ असते आणि घनता फक्त १.५५. भागाकार ८७, धातूंच्या तिप्पटीहून जास्त. पण तेच तंतू सगळ्या दिशांना सारखे वाटले की ताठपणा ५० च्या आसपास येतो आणि भागाकार ३२. धातूंच्या २६ पेक्षा थोडासाच वर. म्हणजे कापड कसंही, थरावर थर लावत गेलात तर एवढा खर्च करून हाती फारसं काही येत नाही.

म्हणून आधी भार ओळखा. वाकण्यासाठी तंतू लांबीच्या दिशेने लागतात. पिळासाठी ४५ अंशात, आणि दोन्ही बाजूंना तिरके. चासीच्या टबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या कार्बनच्या खोक्यात, पीळ मोठा असतो, त्यामुळे तिरके थर जास्त हवेत. दुसरं, पातळ कातड्यांच्या मधे फोम किंवा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) घालून सँडविच करा, कारण पत्र्याचा जाडीचा नियम इथेही लागू आहे.

हाताने रेझिन लावायचं असेल तर हार्डनर डोळ्याने नको, काट्यावर तोला. आषाढात दमट हवेत काम केलं की काही इपॉक्सींवर तेलकट पापुद्रा येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही. तो कोमट पाण्याने धुऊन, घासूनच पुढे जा. सँडविचमध्ये बोल्ट मारायचा तिथला फोम आधी काढून भरीव इन्सर्ट बसवा, नाहीतर बोल्ट आवळताच कातडं आत चेपतं. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन थेट चिकटू देऊ नका, मधे काचेच्या कापडाचा एक थर द्या. कार्बन गॅल्व्हॅनिक गंजाने, म्हणजे दोन वेगळे पदार्थ ओलीत एकमेकांना टेकल्याने लागणाऱ्या गंजाने, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो. आणि धडकेनंतर टब बाहेरून चांगला दिसला तरी नाण्याने टकटक करून बघा. खणखणीत आवाज असेल तर ठीक, बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत.

मोजल्याशिवाय वजन काढू नका

चासी तयार झाली की पीळ मोजा. यासाठी लागतं ते सगळं कोणत्याही मशीन शॉपमध्ये असतं. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जागी तेवढ्याच लांबीचे भरीव रॉड लावा, नाहीतर तुम्ही स्प्रिंगच मोजाल. मागची दोन्ही चाकं जमिनीला घट्ट बांधा. पुढे मध्यावर टेकू देऊन एका बाजूला ३० किलो खाली आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वर, असा पीळ द्या. चाकांमधलं अंतर १.२ मीटर असेल तर हा पीळ ३५३ न्यूटन-मीटर होतो. मध्यापासून ६०० मि.मी. वर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप, लावा. दोन मि.मी. हालचाल दिसली तर कोन ०.१९ अंश, आणि ताठपणा अंशाला १,८५० न्यूटन-मीटर.

एवढ्यावर थांबू नका. गेज चासीच्या लांबीत पाच-सहा ठिकाणी लावून प्रत्येक ठिकाणचा कोन लिहा. चांगल्या चासीत कोन पुढून मागे हळूहळू कमी होतो. जिथे दोन ठिकाणांमध्ये तो एकदम उडी मारतो तो खण कच्चा. बहुतेक वेळा तो ड्रायव्हर बसतो त्या उघड्या तोंडाचा असतो, कारण वरून तिरका पाईप घालताच येत नाही, किंवा इंजिनचा, कारण इंजिन बाहेर काढायला जागा सोडलेली असते. तिथे ६० सें.मी.चा, १.२ मि.मी. जाडीचा एक तिरका एक इंची पाईप घाला. तो ४३० ग्रॅम वाढवतो. इंजिनच्या खणात तो बोल्टचा करा, म्हणजे इंजिन काढता येईल. मग पुन्हा मोजा. आता ज्या खणांत कोन जेमतेम हलतो, तिथल्या नियमाबाहेरच्या पाईपची जाडी १.६ वरून १.२ करायला हरकत नाही. मीटरमागे २२० ग्रॅम निघतात.

हे सगळं ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. आरसी असलेल्या रस्त्यावरच्या गाडीची चासी कापून हलकी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि धडकेत दुमडण्यासाठी आखलेले तिचे भागही त्यात मोडतात.